लेस्टर : मंडळाच्या शिबिरात साखरच तपासायची, की दुसरं काही करायचं?

मेल्टनरोड यांनी विचारलं :

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, तीन वर्षांपासून इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आहे. मेल्टन रोडजवळ एका औषधाच्या दुकानात काउंटरला असते. आमच्या मंडळाने नवरात्र संपल्यावरचा एक रविवार आरोग्य-शिबिरासाठी ठेवलाय आणि काम माझ्या गळ्यात आलंय. हॉल सकाळी दहा ते दुपारी दोन मिळालाय, खर्चाला दोनशे पौंड आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गावाकडचं शिबिर आहे: बोट टोचा, साखर बघा, वजन, बीपी, चहा-बिस्कीट. गेल्या महिन्यापर्यंत माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं.

मग एक प्रसंग घडला. ज्यांचा आहे त्यांना विचारून लिहितेय.

आमच्या गल्लीत एक दमणच्या मासी राहतात. वय अठ्ठावन्न. मुलाबरोबर पोर्तुगीज पासपोर्टवर आल्या, सॅन्डविचच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. गुजराती उत्तम, हिंदी कामापुरतं, इंग्रजी म्हणजे 'थँक्यू' आणि 'फिनिश'. एका संध्याकाळी दुकानात आल्या आणि रात्रीचे मोठे पॅड मागितले. मला वाटलं सुनेसाठी, म्हणून म्हटलं दुसऱ्या कंपनीचे दोनावर एक फुकट आहेत, ते घ्या. तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "मारा माटे छे." माझ्यासाठीच.

पाळी जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि तीन महिने अंगावरून रक्त जात होतं.

मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का? म्हणाल्या, सांगितलं ना, नातू होता बरोबर. नातू अकरा वर्षांचा. त्याच्यासमोर कुठली आजी हे बोलेल? त्या म्हणाल्या, पोटात दुखतं. त्या पोराने इमानाने तेवढंच इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांची पिशवी आमच्याच दुकानातून गेली. लेबल मी लावलं होतं.

आमच्या फार्मासिस्टना सांगितल्यावर त्यांनी मासींना आतल्या खोलीत बसवलं, तिथूनच सर्जरीला, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला, फोन लावला आणि गुजराती दुभाषी हवाय असं स्पष्ट सांगितलं. दोन दिवसांत भेट मिळाली, दुभाषी बाई फोनवर होत्या, आणि तिथून तातडीच्या तपासणीला पाठवलं. पंचावन्नच्या पुढे, पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाणं म्हणजे कर्करोगाची शंका धरून लवकर बघायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून मी त्या बोट टोचण्याच्या टेबलाकडे बघते आणि मनात येतं, मासी आल्या असत्या, साखर नॉर्मल निघाली असती, चहा पिऊन घरी गेल्या असत्या.

तर चार तास, दोनशे पौंड आणि साठ खुर्च्यांत काय करावं? मंडळातले म्हणतात लेस्टरमध्ये सगळं गुजरातीत मिळतं, इथे भाषेची अडचण उरली नाही. २०२१ च्या जनगणनेत शहराच्या ३,६८,६०० लोकांत ४३.४ टक्के आशियाई होते, म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण मग मासींचं काय झालं?

---

मिरजेची सिस्टर यांनी लिहिलं :

अगं, तू सांगलीची, मी मिरजेची. नर्सिंग तिकडेच केलं आणि १९७८ ला इकडे आले. आधी वॉर्डात, नंतर वीस वर्षं एका सर्जरीत नर्स होते. आता निवृत्त आहे.

मंडळातल्यांना काय दिसतं ते सांगते. १९७२ ला इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाईंना युगांडातून घालवलं. इथल्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती, लेस्टरला येऊ नका म्हणून. तरी माणसं आली, आणि बेलग्रेव्ह रोडचा बाजार त्यांनीच उभा केला. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना इंग्रजी येतं, सर्जरीची रीत पाठ आहे, मुलंबाळं फार्मासिस्ट-डॉक्टर झालीत. तुझ्या मासी कालपरवा आल्या. पण फॉर्मवर दोघांची खूण एकाच चौकटीत, 'एशियन, इंडियन'. म्हणून लांबून बघणाऱ्याला वाटतं, या लोकांचं मार्गी लागलंय.

बोट टोचू नका, असं माझं ठाम मत आहे. शिबिराला कुणी जिलेबी खाऊन येतं, कुणी उपाशी. आकडा कागदाच्या चिठोऱ्यावर राहतो, सर्जरीच्या नोंदीत जात नाही, आणि माणूस पुढच्या वर्षी परत तुमच्याच शिबिराला येतो. आपल्या लोकांना मधुमेह गोऱ्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, तेव्हा शोधायला तर हवाच. पण तो एचबीएवनसी या रक्ततपासणीने शोधायचा, जी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ४२ ते ४७ म्हणजे काठावर, ४८ पासून पुढे मधुमेह. मला ती काठावरची माणसं हवी असतात. त्यांना वजन, चालणं, खाणं यांवर मदत मिळाली तर पुष्कळांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. आणि चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या ज्यांना आधीपासून असा आजार नाही, त्यांना दर पाच वर्षांनी एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, मोफत आरोग्य-तपासणी असते. पत्र येतं, इंग्रजीत असतं, पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं.

बीपीचं टेबलही नको. चाळिशीपुढच्यांचं बीपी बहुतेक औषधाच्या दुकानांत एनएचएसतर्फे फुकट बघतात, आणि तो आकडा सर्जरीला कळवतात. तुझ्याच दुकानात विचार.

वजनाचा काटा मात्र जरूर ठेवा, कारण त्यात एक गोष्ट समजावता येते. गोऱ्यांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ला वजन जास्त म्हणतात आणि ३० ला लठ्ठपणा. आपल्याला २३ पासूनच जोखीम धरतात आणि २७.५ ला जास्त जोखीम. कित्येक बायका मला सांगायच्या, "सिस्टर, नेटवर बघितलं, मी नॉर्मल आहे." २४.५ असायचा.

आता मासींबद्दल. दुभाषी हा त्यांचा हक्क आहे आणि पेशंटला त्याचे पैसे पडत नाहीत. घरातल्या माणसाने, त्यातून लहान मुलाने, हे काम करू नये असं एनएचएसचंच मार्गदर्शन आहे. पण रिसेप्शनवर कुणी आपणहून विचारत नाही आणि आपली माणसं मागत नाहीत. मी नोकरीत असताना मीसुद्धा कितीतरी वेळा समोरच्या पोराकडे बघून विचारलंय, "आजीला काय होतंय?" घाई असायची. आज त्याचं वाईट वाटतं.

दोनशे पौंडांतले काही छपाईला घाला. खिशात मावेल एवढं कार्ड, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एकच वाक्य: मला अमुक भाषेचा दुभाषी हवा आहे. खाली भाषेचं नाव. रिसेप्शनच्या काचेला लावून दाखवायचं, बोलायची गरजच नाही.

---

रात्रपाळी यांनी लिहिलं :

ताई, आमचं घर दमणचं, आई डहाणूची, म्हणून घरात मराठी. १९६१ पर्यंत दमण पोर्तुगालकडे होतं, त्यामुळे आजोबांच्या कागदावर आम्हाला पासपोर्ट मिळाला. मीही गोदामात रात्रीचा असतो.

पहिलं म्हणजे सकाळी दहाची वेळ बदला. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला सुटते. दहाला आम्ही मेल्यासारखे झोपलेलो असतो. दुपारी तीननंतर ठेवा आणि जेवण ठेवा, चहा-बिस्किटाला कोणी येणार नाही.

दुसरं, निम्म्या लोकांचं नाव सर्जरीत जुन्या पत्त्यावर आहे किंवा नाहीच. मी आलो तेव्हा एका घरात नऊ जण होतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर, भाड्याची पावती नाही. सर्जरीत गेलो तर पत्त्याचा पुरावा मागितला, नाही म्हटल्यावर परत पाठवलं. दोन वर्षं मी डॉक्टरविना काढली. नंतर कळलं की नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावाही लागत नाही आणि पासपोर्टही. मागू शकतात, पण नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. हे जर कोणी आम्हाला त्या वेळी गुजरातीत सांगितलं असतं!

कारण मला टीबी झाला होता. पाच आठवडे खोकला, रात्री घाम. मी म्हणायचो थंड गोदामामुळे. एजन्सीवर होतो, सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि दोनदा नाही म्हटलं की फोन येणं बंद. शेवटी थुंकीत रक्त दिसलं तेव्हा इस्पितळात गेलो. सहा महिने गोळ्या. एक पैसा लागला नाही, टीबीचा इलाज इथे कुणालाही फुकट आहे, कागद असोत नसोत. टीबीची नर्स घरी यायची, बाकीच्या आठ जणांनाही तिने तपासायला नेलं. खोलीतले दोघे माझ्यावर चिडले होते, महिनाभर बोलत नव्हते. त्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघाला, पण आजार सुरू व्हायच्या आधीच सापडला. आता दिवाळीला तोच पहिला फोन करतो.

शिबिरात टीबीचं बोलाल तर माईकवर बोलू नका. कोपऱ्यात बोला.

---

बाराव्या मिनिटाला यांनी लिहिलं :

मी जीपीचं, म्हणजे सर्जरीतल्या फॅमिली डॉक्टरचं, प्रशिक्षण घेतोय, लेस्टरमध्ये नाही, पण असाच मोहल्ला आहे. रात्रपाळी यांच्या अनुभवाला थोडी भर घालतो.

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येताना छातीचा एक्स-रे होतो, त्यात फुफ्फुसातला चालू टीबी शोधतात. शरीरात झोपलेला टीबी त्यात दिसत नाही. आणि जे पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी आले, त्यांना व्हिसाच नव्हता, तर एक्स-रे कुठला? झोपलेल्या टीबीसाठी रक्ताची तपासणी असते. जास्त टीबी असलेल्या देशांतून गेल्या पाच वर्षांत आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांना ती अनेक शहरांत मोफत देतात. लहानपणी बीसीजी टोचलेलं असलं तरी या तपासणीचा निकाल चुकत नाही. सापडलाच तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्या. पण बोलावणं येतं ते सर्जरीच्या नोंदीवरून. नाव नाही तर बोलावणं नाही.

नातवाच्या खुर्चीसमोर मी रोज बसतो. दहा मिनिटं असतात, माझी बारा होतात. दुभाषी घेतला की प्रत्येक वाक्य दोनदा, म्हणजे वीस मिनिटं हवीत, आणि ती आधी मागितली असतील तरच मिळतात. म्हणून भेट ठरवतानाच दुभाषी आणि दुप्पट वेळ मागा. 'भाषा गुजराती, दुभाषी लागतो' हे एकदा नोंदीत लिहायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीनवर आम्हाला ते दिसतं. बाई डॉक्टर हवी असेल तर तेही त्याच वेळी सांगा.

कृपा करून मुलांना आणू नका. मागे एका तेरा वर्षांच्या मुलीला मी आईच्या गाठीबद्दल विचारत होतो. भाषांतर करता करता ती थांबली, आणि मला कळलं की तिला अर्थ लागला.

---

मेल्टनरोड यांनी लिहिलं :

हे सगळं काल रात्री मोठ्याने नवऱ्याला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद मला पुरा वाचता आला नाही.

आज मंडळाशी बोलले. वेळ बदलली, दुपारी तीन ते सात. खिचडी-कढी करतोय, साखर बघणार नाही. एकजण नाराज झाले, त्यांनी यंत्र आधीच आणलं होतं. दारातच नावनोंदणीचं टेबल असेल, सर्जरीचे कोरे फॉर्म आणि ते भरून देणारी चार माणसं. त्यातली दोन गुजराती बोलणारी हवीत, एक मिळालीय. ज्यांचं नाव आहे त्यांचा पत्ता बरोबर आहे का हेही तिथेच बघू. कारण आतड्याच्या कर्करोगासाठी पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचं पाकीट घरी येतं, ते सर्जरीतल्या पत्त्यावर. मासींना विचारलं तर म्हणाल्या, आलं होतं, कपाटात आहे, काय आहे ते कळलं नाही. मुलाला विचारायची लाज वाटली.

माझ्याकडून एक भर. दुकानात मला रोज दिसतं, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेली माणसं प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स मोजतात. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सर्जरीतून एक फॉर्म भरून सवलतीचं कार्ड मिळतं, मग सगळीच औषधं फुकट. साठीपुढच्यांना तर ती फुकटच असतात. गेल्या आठवड्यात एका काकांनी मला सांगितलं की पैसे वाचवायला ते मेटफॉर्मिन एक दिवसाआड घेतात. त्या सवलतीच्या कार्डाची माहितीही त्याच टेबलावर.

सिस्टर, दुभाषी मागायची कार्डं छापायला दिली. गुजराती, मराठी, हिंदी, पंजाबी, बंगाली, तमिळ. पहिलं गुजरातीचं मासींनी मागून घेतलं, पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी ठेवलंय. त्यांच्या तपासण्या झाल्यात, निकालाचं मी इथे लिहिणार नाही. बायकांच्या कोपऱ्यात त्या स्वतः बसणार आहेत. कपाटातलं पाकीट घेऊन येतील आणि ते कसं वापरायचं ते दाखवतील, हे त्यांनीच सुचवलं.

तो कोपरा झाकायला हॉलमध्ये काही नाही. कुणाकडे नाटकाचा किंवा गणपतीच्या मखराचा जाड पडदा आहे का, साधारण तीन मीटर? शनिवारी मी येऊन घेऊन जाईन.