एलपीटी१ जोडला, तरी कागद कोरा नाही, कागदच नाही

डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या) जुन्या प्रोग्राममधून नेटवर्कवरच्या प्रिंटरवर छापायचं, तर ‘नेट यूज’ या कमांडने एलपीटी१ (प्रिंटरचा जुना पोर्ट) शेअर केलेल्या प्रिंटरला जोडा की झालं, असं सांगतात. बरोबर, पण अर्धंच. जळगावला आमच्या आडतीवर हिशोबपट्टी अजून डॉसमधल्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामवरच निघते. डॉट मॅट्रिक्स गेला, नेटवर्कवर लेझर आला. कमांड यशस्वी, दिवा लुकलुकतोय, कागद काही येईना. समोर शेतकरी ताटकळलेला. पट्टी जेमतेम वीस ओळींची, आणि लेझर पान भरेपर्यंत किंवा फॉर्म फीड (पान बाहेर टाकायचा संकेत) येईपर्यंत वाट बघत बसतो. शेवटी तोच संकेत, म्हणजे कॅरेक्टर १२ पाठवला, फॉक्सप्रोत नुसतं ‘इजेक्ट’, की पान बाहेर.

आणि हो, स्वस्तातले बरेच लेझर फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवर चालतात. डॉसचा साधा मजकूर त्यांना कळतच नाही. घेताना पीसीएल (प्रिंटरला थेट कळणारी भाषा) आहे का, ते आधी विचारा.