मदत हवी आहे : ‘क्लिक’ म्हणजे नेमकं किती अंतर, आणि मराठीत काय म्हणावं?

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. माझे मामा महूला असतात, फौजेतून निवृत्त, वय ८२. डोळे अधू झाल्यापासून त्यांना वाचता येत नाही, म्हणून दर रविवारी जाऊन मी वाचून दाखवते. सध्या एका अमेरिकन सैनिकाच्या व्हिएतनाममधल्या आठवणी चालू आहेत. पुस्तक इंग्रजी आहे, पण मामीही ऐकायला बसतात, म्हणून मी वाचता वाचता मराठीत सांगत जाते.

अडलंय ‘क्लिक’पाशी. ‘गाव अजून तीन क्लिक’ असं आलं, तेव्हा मी अंदाजाने ‘तीन मिनिटं’ म्हणून मोकळी झाले. मामांनी लगेच थांबवलं. ‘‘तीन मिनिटांवर गाव आहे, तर ही पोरं पाणी पुरवून का पितायत?’’ मला उत्तर देता येईना. पुढे दहा पानांवर एकजण रायफलची साइट (नेम धरायचं साधन) ‘दोन क्लिक’ वर घेतो. हे क्लिक मामांना पक्कं माहीत आहे, पहिलं मात्र त्यांनी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे सुरुवातीचे नकाशे इंचाला मैल या मापाचे होते.

दोन्ही शब्द एकच का? आणि पहिल्याला ‘कोस’ म्हटलं तर चालेल का? कानाला गोड लागतं म्हणून विचारते.

प्रतिसाद

ताई, दोन्ही वेगळे. अंतराचं क्लिक म्हणजे सरळ एक किलोमीटर. अमेरिकन सैनिकांच्या तोंडी ते व्हिएतनाम युद्धात रुळलं. घरी ते मैल मोजणारे, पण लष्करी नकाशावरचे चौकोन किलोमीटरचे. १:५०,००० च्या नकाशावर एका चौकोनाची बाजू २ सेंटीमीटर, म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. चौकोन मोजले की क्लिक मोजून झाले. इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा ‘के’ने लिहितात, पुस्तकात बघा. तो कुठून आला याच्या गोष्टी बऱ्याच सांगतात, सिद्ध एकही नाही.

साइटचं क्लिक अंतर नव्हे, कोन आहे. चकती फिरवली की खाचेत कट्ट वाजतं, नेम ठरावीक कोनाने सरकतो. किती, ते साइटवर अवलंबून. पाव मिनिटाची साइट असेल (इथलं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), तर १०० मीटरवर एका क्लिकला गोळी साधारण ७ मिलिमीटर सरकते. ४०० मीटरवर तेच क्लिक २९ मिलिमीटरचं होतं.

पुढे ‘मिल’ आलं तर त्याचा ‘मैल’ करू नका. तोही कोनच. नाटोच्या हिशेबात पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, म्हणून १ किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळपास १ मीटर.

‘कोस’ नको. कोस प्रांताप्रांतात बदलायचा, आणि ढोबळ धरला तरी तीनेक किलोमीटरचा. तीन क्लिकचे तीन कोस केलेत तर तुकडीला तिप्पट चालवाल.

धागाकर्ती

खूप आभार. पुस्तक उघडून पाहिलं, खरंच दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे, माझ्याच लक्षात आलं नव्हतं. कोस सोडला. निवेदनात ‘किलोमीटर’ म्हणेन आणि सैनिकांच्या बोलण्यात ‘क्लिक’च ठेवेन, कारण वायरलेसवर घाईत बोलणाऱ्या पोराच्या तोंडी पाच अक्षरांचा किलोमीटर जड वाटतो.

एक मात्र अजून हवं आहे. मराठा लाइट इन्फंट्री किंवा महार रेजिमेंटमध्ये राहिलेलं कुणी इथे असेल तर सांगा, तुम्ही आपसांत मराठीत बोलताना किलोमीटरला काय म्हणायचात? मामांची नोकरी सिग्नल्समध्ये गेली, आजूबाजूला सगळी हिंदी. मराठी जवानांचा स्वतःचा शब्द असेल, तर मला तोच वापरायचा आहे.

रविवारी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचणार आहे. तीन किलोमीटर भातखाचरांतून, पाठीवर ओझं घेऊन. पाणी का पुरवत होते, ते आता मामांना सांगता येईल.