प्रतिसाद: वसुलीतून निघालेली क्लास मीटिंग

मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये रविवारची उपासना सोडली तर उरतं काय, या प्रश्नावर थोडी भर. बरंच उरतं, आणि त्याचं मूळ चक्क कर्जात आहे! १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहाचं कर्ज फेडायला माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं; साधारण बारा जणांमागे एक पुढारी. पैशासाठी दारोदार फिरताना कोण पितो, कुठे भांडणं आहेत, हे त्याला कळायचं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्लींनी ते हेरलं आणि वसुलीचीच क्लास मीटिंग झाली, म्हणजे दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणारी छोट्या गटाची सभा. आपल्याकडची घरगुती प्रार्थनासभा मला त्याच वळणाची वाटते: गीत, वचन, आणि चहा आल्यावर खऱ्या गप्पा. कुणाची चूल थंड आहे हे महिला मंडळाला पाळकसाहेबांच्या आधी ठाऊक असतं. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानताना, अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव तर बघाच. एका भोपळ्यासाठी दोन काका इरेला पेटतात, आणि जिंकणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला देतो.