लिफ्टवरच्या पाटीने वर्ग ठरतो का?

खिडकीतली_सायली:
आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत परवा लिफ्टवर पाटी लागली, 'घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी.' मागची लिफ्ट बंदच होती. बारा वर्षं आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी गुडघ्यावर हात ठेवत पाचवा मजला चढून आल्या. त्यांचा मुलगा बँकेत आहे. शनिवारी तो त्यांना न्यायला आला, गळ्यात ओळखपत्र होतं. वॉचमनने त्याला 'सर' म्हणत पुढची लिफ्ट उघडून दिली. एकाच घरातली माणसं, आईला जिना आणि मुलाला लिफ्ट!

म्हणून म्हणते, वर्ग उत्पन्नावर मोजणं पुरे झालं. सरकारचाही मेळ बसत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांसाठी आपल्या राज्यात दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 1 लाख आणि ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या, आरक्षणासाठी 8 लाख. समोरचा आपल्याशी कसा वागतो, तोच आपला वर्ग.

हिशेबनीस:
नाही पटलं. त्या मुलाला 'सर' कशामुळे म्हटलं? पगारामुळेच ना? घरात मोठं आजारपण आलं की कोण एफडी मोडतं, कोण मंगळसूत्र गहाण टाकतं आणि कोण उपचारच सोडून देतं, यावरून वर्ग कळतो. मानाने हॉस्पिटलचं बिल भागत नाही. पाटी काढा, जरूर काढा, पण मावशींना पगारी सुट्टी आणि दिवाळीला बोनस देता का, ते आधी सांगा.

लालबागचा_नातू:
दोघांचंही अर्धवट वाटतं. माझे आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. खिशात कुणाच्याच काही नव्हतं, पण 'आम्ही कामगार' म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. आजी खानावळ चालवायची, संपातही तिने कुणाचं ताट बंद केलं नाही. वर्ग म्हणजे ही एकजूट. आज डिलिव्हरीच्या पोराला कंपनी 'पार्टनर' म्हणते, म्हणजे तो कामगारसुद्धा नाही. दुपारी हॉटेलबाहेर दहाजण आपापल्या गाडीवर बसून मोबाइलकडे बघत असतात. भाव कमी झाला तर भांडायचं कुणाशी, हेच त्यांना माहीत नसतं.

जोगेश्वरीकर:
एकजुटीचं म्हणता, मग तेही सांगा की गिरण्यांत साचाखात्यात दलितांना शिरू देत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि बाकीचे त्यांचा विटाळ मानत. बाबासाहेबांनी 1936 मध्येच बजावलं होतं की जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. सायलीताई, स्पष्ट विचारतो, तुमच्या मावशींचा चहाचा कप कुठे असतो?

खिडकीतली_सायली:
खिडकीच्या कट्ट्यावर, वेगळा. सासूबाईंनी ठेवला होता, मी तो कधी हलवला नाही. आज हलवला.

हिशेबनीस, बोनस देते, पगारी सुट्टी देत नव्हते. महिन्याला चार ठरवल्या. पाटीचा विषय रविवारच्या मीटिंगला मांडणार आहे. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. सुट्ट्या मिळाल्या तरी मावशी जिन्यानेच चढणार असतील, तर काय बदललं?

हिशेबनीस:
चार दिवस तरी चढणार नाहीत. मीटिंगमध्ये मागची लिफ्ट दुरुस्त करण्याचंही काढा.