बाळ पाच महिन्यांचं, रजा संपत आलीय, ग्रुपचं काम सोडू का?

पाच_महिन्यांची_आई

नमस्कार, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल. मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देते, नऊ वर्षं झाली, सध्या हिंजवडीत एका प्रॉडक्ट कंपनीत एपीआय डॉक्युमेंटेशन (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला कसं जोडायचं त्याची माहिती) बघते. मुलगी पाच महिन्यांची झाली, २६ आठवड्यांची रजा पंधरा दिवसांत संपतेय. नोकरी सोडायची नाही हे नक्की, प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे.

गेली सहा वर्षं मी इथल्या रायटर्सच्या ग्रुपचं काम करते. महिन्यातून एका शनिवारी मीटअप असते, तिचे स्पीकर शोधायचे, कुणाच्या ऑफिसात हॉल मिळतो ते बघायचं, न्यूजलेटर एडिट करायचं, शिवाय दोन फ्रेशर मुलींना मेंटर करते. पैसा एक मिळत नाही. आई रोज फोनवर म्हणते ते फुकटचं काम आधी सोड. सासूबाई कराडहून आल्यात, दिवाळीपर्यंत आहेत, त्या तोंडाने काही म्हणत नाहीत पण शनिवारी मी लॅपटॉप उघडला की चेहऱ्यावर दिसतं.

पण माझं शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, अशी काही लाईन असते हेच मला माहीत नव्हतं. मैत्रिणीबरोबर सहज एका मीटअपला गेले आणि तिथल्या एका सिनियर मॅडमनी माझी दोन पानं लाल पेनाने भरून परत दिली, वाक्य तोड, अट आधी लिही आणि कुठे क्लिक करायचं ते नंतर, वाचणाऱ्याने आधी क्लिक केलं तर अट वाचून काय उपयोग. तीच दोन पानं सुधारून मला पहिली नोकरी लागली. त्यामुळे मला हे काम फुकटचं वाटतच नाही. आता डिसेंबरच्या कॉन्फरन्ससाठी आलेली भाषणांची प्रपोजल्स बघायचं काम माझ्याकडे आलंय, लेक रात्री दर दोन तासांनी उठते, आणि अमेरिकेतल्या टीमबरोबरची मीटिंग रात्री साडेनऊला असते, नेमकी तिच्या झोपायच्या वेळेला. ज्यांनी असं केलंय त्यांनी काय केलं सांगा ना प्लीज.

जुनी_रायटर

अगं, मी २००४ मध्ये सोडलं होतं, नोकरीही आणि ग्रुपही. तेव्हा रजा १२ आठवड्यांचीच मिळायची, पाळणाघरात ठेवायला मन होईना. तीन वर्षांनी परत आले तर मला येत होती फ्रेममेकर आणि रोबोहेल्प ही मॅन्युअल लिहायची जुनी सॉफ्टवेअर, आणि इंटरव्ह्यूत जो तो डिटा, एक्सएमएल या मजकूर तुकड्यांत मांडायच्या नव्या पद्धती विचारायला लागलेला. मला शिकवलं कुणी तर ग्रुपमधल्याच दोघींनी, एकीच्या घरी रविवारी बसून. म्हणून पूर्ण सोडू नकोस असंच सांगेन.

पण सगळं धरूनही ठेवू नकोस. तुझ्या कामांचे दोन ढीग कर. हॉल, स्पीकर, प्रपोजल्स ही तारखेला बांधलेली कामं आहेत, त्या दिवशी बाळाला ताप आला की तुझाही जीव जातो आणि ग्रुपही अडकतो, ही आजच दुसऱ्या कुणाला दे. न्यूजलेटरचं एडिटिंग, मुलींचे ड्राफ्ट बघणं हे वीस वीस मिनिटांत तुकड्याने होतं, उठताना जिथे थांबलीस तिथे पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहून ठेवायचं म्हणजे परत बसल्यावर शोधाशोध होत नाही. नवीन मजकूर लिहिणं किंवा इंजिनियरला बसवून प्रश्न विचारणं असं तुकड्यांत होत नाही, त्याला सलग तास दीड तास लागतोच, तो ऑफिससाठी राखून ठेव.

आणि देताना नीट हँडओव्हर डॉक्युमेंट लिहून दे. हॉलच्या गेटपासला किती दिवस आधी मेल करावा लागतो, प्रोजेक्टरची कुठली वायर चालते, हे सगळं तुझ्या डोक्यात असेल. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरसाठी आपण हेच करतो ना.

एसटीसी (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) आठवते का, अमेरिकेतली, १९५३ पासूनची आपल्या पेशाची संस्था? जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली, दिवाळखोरीत. मला फार वाईट वाटलं कारण इंडिया चॅप्टरची कितीतरी कामं मी केलीत. पण तिथे जोडलेली माणसं आजही फोन उचलतात. एवढी मोठी संस्था गेली, तुझ्या सहा महिन्यांच्या गैरहजेरीने ग्रुपचं काही बिघडत नाही, आणि बिघडणार असेल तर दुसऱ्या कुणीतरी शिकायची वेळ आलीच आहे.

नाशिकचा_बाबा

ताई, तुमच्या पोस्टमध्ये आई आहे, सासूबाई आहेत, नवरा कुठेच नाही. रागावू नका, पण मला तेच आधी दिसलं. आमच्याकडे शनिवारी सकाळी ८ ते १ मुलगा पूर्ण माझ्याकडे असतो, आंघोळ, वरणाचं पाणी, झोपवणं सगळं. सुरुवातीला बायको दर दहा मिनिटांनी येऊन बघायची, मग आम्ही ठरवलं की तिने त्या वेळात घराबाहेरच पडायचं. तो माझ्याकडे रडला खूप, पण तीन-चार शनिवारात सवय झाली, त्यालाही आणि मलाही. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या की ही घडी बसवायला वेळ मिळणार नाही, आत्ताच सुरू करा.

एचआरवाली

कायद्याचं थोडं सांगते, कारण बऱ्याच जणींना २६ आठवडेच माहीत असतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन ब्रेक मिळतात, नेहमीच्या सुट्टीशिवाय. रजेनंतर घरून काम करायची तरतूद आहे, कामाचं स्वरूप तसं असेल तर, पण ती दोघांच्या संमतीने ठरते, म्हणजे मागावी लागते, आपोआप मिळत नाही. रुजू व्हायच्या आधी मेल करून लेखी मागा, साडेनऊच्या मीटिंगचंही त्यातच लिहा. आणि रजेत असताना दुसऱ्या कंपनीचं पैसे घेऊन काम करू नका, तेवढ्या काळाचा रजेचा पगार जाऊ शकतो.

वाकड_१२

मी जरा वेगळं सांगणार आहे. मी सोडलं नव्हतं. बाळ चार महिन्यांचं असताना एका ओपन सोर्स (सगळ्यांना फुकट, खुल्या) सॉफ्टवेअर प्रोजेक्टचे डॉक्स रात्री २ वाजता जागून लिहायचे, सगळे कौतुक करायचे, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. मला वाटायचं दमणूक आहे. डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे, औषध लागलं, आठ महिने गेले. तुला तसं आहे असं अजिबात म्हणत नाही. पण काय सोडू हे ठरवायच्या आधी एवढं बघ की सलग चार तास झोप मिळते का, आणि बाळ झोपलं असतानाही तुला झोप लागते का. नसेल लागत तर ग्रुपचं नंतर, आधी डॉक्टर.

पाच_महिन्यांची_आई

सगळ्यांचे खूप आभार, वाकड_१२ तुझं वाचून रडू आलं. झोप लागते मला, मिळत नाही एवढंच, पण तू विचारलंस ते कुणीच विचारलं नव्हतं.

प्रपोजल्स आणि हॉल काल देऊन टाकले. हँडओव्हर लिहायला बसले तर तीन पानं झाली, सहा वर्षांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं याचं मलाच आश्चर्य वाटलं. दोन्ही मुलींचं मेंटरिंग ठेवलंय, त्यांना सांगितलं की उत्तर दोन दिवसांनी येईल पण येईल. न्यूजलेटरचं अजून ठरत नाहीये, ते मनापासून आवडतं. बाबा, नवऱ्याला तुमची पोस्ट वाचायला दिली, तो म्हणाला शनिवार माझा, बघू या, परवा पहिला आहे. घरून कामाचा मेलही केलाय.

आता एकच, बाणेर-वाकड भागात सहा महिन्यांचं बाळ ठेवून घेणारं पाळणाघर कुणाच्या ओळखीचं आहे का? मी फोन केले तिथे बहुतेक जण वर्षाचं झाल्यावर या म्हणतात.