दसऱ्याला पंचवीस माणसांचे जेवण: आधीपासून काय काय उरकून ठेवावे?

प्रश्न

यंदा दसऱ्याच्या दुपारी आमच्याकडे सासरची आणि माहेरची मिळून पंचवीस माणसे जेवायला येणार आहेत. आजवर घटाचा आणि स्वयंपाकाचा सारा कारभार सासूबाईंनी सांभाळला; गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे यंदा तो माझ्याकडे आला आहे. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, पंचामृत आणि खोबऱ्याची चटणी असा बेत ठरला आहे. स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो आणि नैवेद्य दाखवण्यापूर्वी आमच्याकडे कोणीही काही चाखत नाही. श्रीखंड घरचेच असावे, अशी सासूबाईंची मनापासून इच्छा आहे. नैवेद्य साडेबाराच्या आत दाखवायचा असेल, तर प्रमाण किती धरावे आणि कोणते काम केव्हा करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, सुरुवात श्रीखंडापासून करा, कारण तेच सर्वांत आधी हाती घ्यावे लागते. माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम धरले, तर दीड किलो चक्का आणि सव्वा किलो साखर यांत तुमचे भागेल. तेवढा चक्का पडण्यासाठी म्हशीचे चार लिटर दूध विरजावे लागेल. दसऱ्याच्या तीन दिवस आधी रात्री विरजण लावा, दुसऱ्या दिवशी दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगा आणि बरेचसे पाणी निथळले की ती पुरचुंडी चाळणीत ठेवून, वर वजन देऊन, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात चक्का दिवसभर बाहेर टांगला तर तो हमखास आंबट होतो, आणि तुम्हाला चाखून साखर वाढवण्याची सोय नाही, म्हणून ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. आदल्या दिवशी सकाळी चक्क्यात साखर कालवून ठेवावी, ती विरघळली की दुपारी पुरणयंत्रातून काढून कोमट दुधात खललेले केशर, वेलदोडा आणि जायफळ घालावे. रात्रभर मुरल्यावर श्रीखंडाला खरी चव येते. दिवस मोजताना मात्र तिथीवर विसंबू नका. एखाद्या वर्षी अष्टमी-नवमी एकाच दिवशी येतात, म्हणून दसऱ्याच्या तारखेपासून मागे मोजत जावे.

प्रतिसाद २

पंचामृत दोन दिवस आधी केले तरी उत्तम राहते, किंबहुना चिंच-गुळात मिरच्या मुरल्यावर ते अधिक रुचकर लागते. बटाटे आदल्या रात्री उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवावेत. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र त्याच दिवशी सकाळी वाटावी. काकडी सकाळी चोचवून, हलक्या हाताने पिळून झाकून ठेवावी आणि दाण्याचे कूट, दही, मीठ व फोडणी पाने मांडताना घालावी, कारण मीठ आधी पडले की कोशिंबिरीला पाणी सुटते.

खरी कसोटी पुऱ्यांची आहे. माणशी पाच धरल्या तर सव्वाशे पुऱ्या होतात आणि त्यांना साधारण दोन किलो कणीक लागते. ती सगळी एकदम भिजवू नका. सैल पडलेल्या कणकेच्या पुऱ्या तेल पितात. एक किलो घट्ट भिजवून अर्ध्या तासाने लाटायला घ्यावी आणि पहिली पंगत बसताना दुसरा किलो भिजवावा. लाटायला दोघी आणि तळायला एक, अशी माणसे आजच ठरवा, आणि यजमानीणबाईंनी कढईपाशी उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मसालेभाताला दीड किलो आणि साध्या भाताला पाऊण किलो तांदूळ पुरेल.

प्रतिसाद ३

मसालेभात आणि भाजी आधीच्या रविवारी पाव प्रमाणात करून पाहा आणि मीठ-तिखट चमच्याने मोजून लिहून ठेवा. चाखता येत नसेल तिथे हाच एक भरवशाचा मार्ग आहे. चार लिटर दुधाचा व्याप झेपणार नसेल, तर ओळखीच्या डेअरीत चक्का आठवडाभर आधी सांगून ठेवावा, कारण सणाच्या तोंडावर तिथे रांगा लागतात. चक्का विकतचा असला तरी साखर-केशर घालून घरी काढलेले श्रीखंड घरचेच म्हणायला हरकत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना हे सारे वाचून दाखवले. विरजणाचे आणि चक्क्याचे काम त्या खुर्चीत बसून स्वतःच्या देखरेखीखाली करून घेणार आहेत, आणि पुऱ्या लाटण्यासाठी दोन्ही नणंदांनी सकाळी दहालाच येण्याचे कबूल केले आहे.