खांदा बोलतो म्हणे! देहापासून सुरू होणारा मानसोपचार आणि त्याची पाच तत्त्वं : पटतंय का?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर सांगलीवाडीत. सासूबाई ७१ वर्षांच्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं). तळमजला पाण्यात, आम्ही माळ्यावर. तिसऱ्या दिवशी बोट आली. उतरवताना कुणीतरी आईंचा उजवा दंड धरून ओढलं.

तेव्हापासून पावसाळा लागला की त्यांचे खांदे कानाला जाऊन भिडतात. पत्र्यावर सर आली की निवडायला घेतलेली मेथी हातात तशीच राहते, खांदे वर, श्वास अर्ध्यावर. विचारलं तर म्हणणार, "काही नाही गं, गार वारा सुटलाय."

माझ्या नणंदेने पुण्यात समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलाय. तिच्याकडून हकोमी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. रॉन कर्ट्झ नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात ही पद्धत बांधायला घेतली, १९८१ मध्ये कोलोरॅडोत तिची संस्था निघाली. नाव अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या भाषेतून घेतलेलं, अर्थ साधारण "तू कोण?" असा. आधी बोलणं आणि मग शरीर असा क्रम इथे नाही. बसण्याची ढब, आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे, तिथूनच सुरुवात करायची.

मला तंत्रापेक्षा त्यामागची तत्त्वं जास्त आवडली. ती पाच आहेत. सजगता म्हणजे आत काय चाललंय ते न ढवळता बघणं. देह आणि मन वेगळे न मानणं. जिवंत गोष्ट आपली आपण सावरते, तिला बाहेरून दुरुस्त करायची नसते, हे तिसरं. एकत्व, म्हणजे माणूस घरादारापासून, गावापासून सुटा नसतो. आणि अहिंसा. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या शब्दापाशी आहे.

इथे अहिंसा म्हणजे बचावाला धक्का न देणं. माणूस आवळून बसलाय तर "सैल सोडा, सैल सोडा" म्हणायचं नाही, कारण ते आवळणंच त्याला आजवर सांभाळत आलंय. उलट ते काम थोडा वेळ आपण करायचं. नणंद आईंच्या मागे उभी राहिली, विचारून दोन्ही खांदे खालून तळव्यांवर तोलले आणि म्हणाली, "आई, मी धरते वर. तू नुसतं बघ काय होतंय." पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग खांद्यांचा भार तिच्या हातांवर यायला लागला. आणि आई एकदम म्हणाल्या, "दावं मी सोडायला पाहिजे होतं."

आमची म्हैस गोठ्यात बांधलेली राहिली होती. त्या पुरानंतर त्या बाईने म्हशीचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

तर प्रश्न असा : ही तत्त्वं उपचाराचा पाया होऊ शकतात का, की नुसतं गोड बोलणं आहे?

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, प्रसंग वाचून गलबललं, खोटं कशाला बोलू. पण प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे.

या सगळ्या देहवादी पद्धतींचं मूळ विल्हेल्म रीखपाशी जातं. फ्रॉइडचा शिष्य. दाबलेल्या भावना स्नायूंचं चिलखत होऊन बसतात, ही कल्पना त्याची. पुढे याच माणसाने "ऑर्गोन" नावाची ऊर्जा शोधल्याचा दावा केला, माणूस आत बसेल एवढ्या पेट्या बनवल्या, कोर्टाचा मनाई हुकूम मोडला आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगात वारला. मूळच असं, तर झाडाकडून काय अपेक्षा?

दुसरं, "दातात पेन आडवं धरलं की चेहरा हसरा होतो आणि विनोद जास्त मजेशीर वाटतात" हा १९८८ चा प्रयोग वर्षानुवर्षं शिकवला गेला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला. तो परिणाम सापडला नाही.

आणि "शरीर खोटं बोलत नाही" म्हणणाऱ्यांनी आमच्याकडच्या जत्रांना यावं. अंगात आलेल्या बाईचं शरीर किती खरं बोलतं ते बघू. साताऱ्यात आम्ही हे झाडून काढायला आयुष्यं घातली. आता तेच गुळगुळीत कागदात गुंडाळून कोलोरॅडोहून येणार असेल तर मी दारातच उभा आहे.

लालमाती (तासगाव तालुका)

दादा, जरा दमानं.

मी शिकलेला नाही एवढा. पण धा वर्षं तालमीत काढल्यात. आमचं वस्ताद नवीन पोराच्या मानंवर नुसता हात ठेवायचं आणि सांगायचं, ह्याला घरी काय झालंय बघा रे. बरोबर निघायचं. ताठ पोरगं आधी पडतंय, कारण ताठ अंगाला समोरच्याची चाल कळतच नाही. हे कुणी होपीनं शिकवलं नाही आम्हाला.

पण ताई, तुमचं अहिंसेचं काय आपल्याला पटलं नाही बघा. वडील गेलं तवा मी पंधरा दिवस अंथरुणातनं उठलो नव्हतो. वस्ताद घरी आलं, कॉलर धरून उठवलं, आखाडा खणायला लावला. फावडं मारून मारून हाताला फोड आलं. चौथ्या दिवशी रडलो. त्यांनी जर माझं "आवळणं सांभाळत" बसायचं म्हटलं असतं तर अजून अंथरुणातच असतो. काही माणसांना ढकलाय लागतं.

मिरजेचा_डॉक्टर

तत्त्वज्ञान नंतर. आधी सांगा, सासूबाईंची शुगर कधी तपासली होती? उजवा हात पूर्ण वर जातो का? वेणी घालताना, पाठीमागे हुक लावताना अडतो का?

मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा जखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. थायरॉइडच्या रुग्णांतही दिसतं. तुम्ही त्या खांद्यात पूर शोधताय, तिथे कदाचित आखडलेलं आवरण आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, डावा खांदा आणि जबडा दुखतोय म्हणून घरच्यांनी दोन दिवस "टेन्शन घेते ती" म्हणत घरीच ठेवलेल्या. हार्ट अटॅक होता. देह-मन एक आहे हे वाक्य ऐकायला छान आहे, पण आपल्याकडे त्याचा अर्थ नेहमी "बाईच्या मनात काहीतरी आहे" असाच का निघतो?

आपत्तीनंतरच्या मानसिक आघातासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ज्या उपचारांची नावं घेतली, ती आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी पद्धत). हकोमी त्यात नाही. यात तुमच्या नणंदेचा अपमान नाही, पण घर आणि दवाखाना यातला फरक राहू द्या.

कृष्णाकाठची (सांगली)

डॉक्टर, खरं सांगते, शुगर २०२२ नंतर तपासलेली नाही. वेणी माझी मुलगी घालून देते. मला वाटायचं लाड आहेत. उद्याच घेऊन जाते.

अजिंक्यतारा, रीखच्या पेट्यांचं ओझं कर्ट्झवर का टाकता? रीखच्या वाटेने गेलेले बरेच जण चिलखत "फोडायला" बघायचे, दाबून, ओरडायला लावून. कर्ट्झ तेच शिकून आला आणि त्यालाच ते खटकलं. ताओ हे जुनं चिनी तत्त्वज्ञान आणि बुद्ध यांच्याकडून त्याने उलटं घेतलं : चिलखत फोडू नका, ते घालणाऱ्याला विचारा. आणि अंगात येण्यात भान हरपतं, इथे पहिली अटच भान ठेवण्याची आहे. हे दोन्ही एका पोत्यात घालू नका.

लालमाती भाऊ, तुमच्या वस्तादांनी ढकललं खरं. पण त्याआधी पंधरा दिवस त्यांनी थांबून पाहिलंच ना? आणि दहा वर्षांची ओळख होती. अनोळखी माणसाने कॉलर धरली असती तर?

लालमाती (तासगाव तालुका)

तर मी त्याला आडवा केला असता 😄

मूळची_विट्याची (सध्या पुणे)

मी या विषयात पोळलेली आहे, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी शनिवार-रविवारच्या एका शिबिराला गेले. फलकावर हीच सगळी तत्त्वं, अहिंसा ठळक अक्षरात. दुपारी दिवे मंद करून उशा वाटल्या. "मारा, ओरडा, बाहेर काढा." मला नको होतं. तर मार्गदर्शक सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा तुमचा अवरोध आहे, हाच सोडायचाय." मी मारलं. ओरडले. लहानपणीचं एक काहीतरी वर आलं ते पाच वाजता शिबिर संपलं तेव्हाही वरच होतं. प्रमाणपत्र दिलं, बस पकडली. पुढे महिनाभर रात्री दिवा लावून झोपले.

"नको" ला अवरोध नाव दिलं की ते ऐकायची गरजच उरत नाही. कृष्णाकाठची, तुझं अहिंसेचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, ते माझ्यावर पाळलं गेलं नाही म्हणूनच पटतं. पण तत्त्व पाळलं गेलं की नाही हे कोण तपासतं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिबिरवाल्यांना फक्त फ्लेक्स लागतो.

आणि राग मानू नकोस, मुलीने स्वतःच्या आईवर हे करावं का? "दावं मी सोडायला पाहिजे होतं" हे आईने लेकीसमोर म्हटलं. उद्या लेक पुण्याला परत गेल्यावर ते वाक्य घेऊन आई कुणाकडे जाणार?

कृष्णाकाठची (सांगली)

हा प्रश्न झोंबला. उत्तर नाही माझ्याकडे. त्या रात्री आई जेवल्या नाहीत, हे मी वर लिहिलं नव्हतं.

औदुंबर_फेरी

यात नवीन ते काय? इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसा. डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायच्या, प्रतिक्रिया द्यायची नाही. तिथलं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून सुरू आहे आणि फी नाही. मी दोनदा बसलोय, गुडघे सोडले तर सगळं बरं झालं.

अजिंक्यतारा (सातारा)

काका, गुडघ्यांनाही काही सांगायचं असेल 😀 फरक एवढाच की विपश्यनेत एकटं बसायचं, इथे समोर दुसरा माणूस असतो. आणि माझ्या मते धोका तिथेच आहे.

ताई, भान असण्याचा मुद्दा मान्य, पोतं वेगळं केलं. पण तिसऱ्या तत्त्वावर माझा खरा आक्षेप आहे, "जीव आपला आपण सावरतो". कापलेलं बोट सावरतं, कबूल. गाठसुद्धा आपली आपणच वाढते की. आणि जो सावरला नाही त्याचं काय? त्याच्यावर दोष येतो की तुम्ही पुरेसे सजग नव्हता. दैव म्हणणारे निदान माणसाला दोष तरी देत नव्हते.

कृष्णाकाठची (सांगली)

मी ते असं वाचते की उपचार करणाऱ्याने आपली घाई आवरावी. ती सूचना त्याला आहे, रुग्णाला नाही. पण तुम्ही म्हणता तसा अर्थ लोक काढतात, हेही बघितलंय.

कृष्णाकाठची (सांगली) (साधारण महिन्याने)

उशिरा लिहितेय. उपाशीपोटीची शुगर १८६, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४, म्हणजे मधुमेहच. खांदा जखडलेलाच निघाला. डॉक्टर, तुमचं बरोबर होतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू केलीय आणि फिजिओने भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम दिलाय.

पण दुखतो उजवा खांदा, आणि पावसात वर जातात दोन्ही. ते अजून जातात. मूळच्या विट्याच्या ताईंचं ऐकून सांगलीत एक नोंदणीकृत बाई शोधल्या, दोन वेळा जाऊन आलो. त्या खांद्याला हात लावत नाहीत. म्हशीबद्दल विचारतात. तिचं नाव चंद्री होतं, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

व्यायाम आई खालच्या खोलीत करतात. तिथे पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग देऊनही उमटते. बोटं कुठवर गेली ते रोज खडूने लिहितात. काल रेघेच्या चार बोटं खाली होती.

मिरजेचा_डॉक्टर

मेटफॉर्मिन जेवणाबरोबरच द्या, नाहीतर पोट बिघडेल आणि त्या बंद करतील. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, २०२२ पासून किती दिवस वाढलेली होती काय माहीत.

खडू नको, पेन्सिल वापरा. ओल धरलेल्या भिंतीवर खडू टिकत नाही.